हॅकर पण हवेत, ड्रॅगन पण... काय वाचू?

न्यूरोमॅन्सर ही हॅकरवरची कादंबरी वाचून झाली, जाम आवडली. आता सायबरपंकमधे (हॅकर, बड्या कंपन्या, अंगात यंत्रं बसवलेली माणसं असलेल्या भविष्यातल्या गोष्टी) जादू मिसळलेली कादंबरी सुचवा ना कुणीतरी.

» शॅडोरन घे डोळे झाकून! मूळ १९८९चा रोलप्लेइंग गेम, त्यावर ढीगभर कादंबऱ्या आल्या. रॉबर्ट शॅरेटची 'नेव्हर डील विथ अ ड्रॅगन' आधी वाच, हिरो सॅम व्हर्नर जपानी कंपनीतला साधा नोकरदार असतो आणि पुढे सिएटलमधे शमन (आत्म्यांशी संपर्क साधणारा मांत्रिक) होत जातो, भारी जमलंय ते.

» +१. त्यातला एक नियम मला प्रचंड आवडतो, अंगात जितकी यंत्रं बसवाल तितकी जादू कमी होते, म्हणजे मेंदूत वायर घालायची की मंत्र राखायचे हे ठरवावंच लागतं.

» मस्त! पुढचे भाग आहेत का?

» हो, एकूण तीन. क्रमानेच वाच.