लातुरात नवीन गाड्यावर पहिल्यांदा खाताना काय बघावं, काय मागवावं?

औसारोडवाली
औसा रोड, अंबाजोगाई रोड, बार्शी रोड, तिन्हीकडं संध्याकाळी नवे गाडे आणि छोटी हॉटेलं लागलीत. दर शनिवारी एक नवीन ठिकाण करायचं असं घरात ठरलंय. खाणारे चौघं, त्यात दोन लेकरं, सात आणि अकरा वर्षांची. चव माहीत नसलेल्या ठिकाणी ऑर्डर द्यायच्या आधी पाच मिनिटांत काय बघायचं? आणि पहिल्यांदा काय मागवलं म्हणजे करणाऱ्याच्या हाताचा अंदाज येतो? "स्वच्छ दिसलं की खा" एवढ्यावर भागत नाही, नेमकं सांगा. भजे, इडली, मटण-भाकरी, सगळं चालतं.

कढईकाठ
ताई, मेनूच्या आधी कढई बघा. नुसत्या रंगावर जाऊ नका, भज्याच्या पिठात हळद-तिखट असतं, दोन-चार घाण्यांत तेल रंग धरतंच. फेस बघा. घाणा काढला की चांगल्या तेलावरचे बुडबुडे लगेच मोडतात. पुन्हापुन्हा तापवलेल्या तेलावर बारीक फेस तसाच तरंगत राहतो, आणि काही टाकायच्या आधीच धूर सुटतो. बरेच जण जुन्यातच नवीन तेल ओततात. त्यानं रंग उजळतो, फेस काही जात नाही. तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड' (तेल पुन्हापुन्हा तापवून बिघडलं की वाढणारे घटक) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. ते मोजायचं यंत्र गाड्यावर नसतं, म्हणून आपण फेस आणि धूर बघायचा.

पहिल्यांदा मागवायला भज्यासारखी गोष्ट नाही, त्यात काही लपत नाही. पीठ सोडल्यावर दोन-तीन सेकंदांत वर आलं तर तेल १७०-१८० अंशांच्या आसपास आहे. तळाशी बसून राहिलं तर तेल थंड, ते भजं तेल पिणार. टाकल्या टाकल्या तांबूस झालं तर आतलं पीठ कच्चं राहणार. सोडा जास्त पडला असेल तर भजं टम्म फुगतं, मोडल्यावर मोठी भोकं दिसतात, जिभेला साबणासारखं लागतं आणि हात तेलकट होतो.

आधीच अर्धवट तळून ढीग लावलेले भजे-वडे गिऱ्हाईक आलं की परत कढईत सोडतात. त्यांच्या कडा गडद आणि कडक असतात, मधला भाग फिका. नवा घाणा पडेपर्यंत थांबा. वर्तमानपत्रात बांधून देत असतील तर प्लेट मागा, छपाईची शाई गरम तेलात उतरते.

मांजराकाठ
कढईचं बरोबर आहे, पण कढईतून निघालेलं पोट सहसा बिघडवत नाही. बिघडवतं पाणी, चटणी आणि बर्फ. ज्या शहराला २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं उन्हाळ्यात गाड्यावरची बादली किती वेळा बदलते हे बघायलाच पाहिजे. साबणाची एक आणि नितळ पाण्याची एक अशा दोन बादल्या आहेत का? एकाच बादलीत प्लेटी बुडवून वर काढत असतील तर तिथं खाऊ नका. बाकी सगळं पटलं असेल तर घरून चार स्टीलच्या ताटल्या न्या. त्यात वाढून द्या म्हटलं की कुणी नाही म्हणत नाही.

इडलीची चटणी आपल्याकडं बहुतेक दाण्याची नाहीतर डाळ्याची, पातळ. दुपारी वाटलेली एप्रिल-मेच्या उकाड्यात रात्रीपर्यंत फसफसते: वर बारीक बुडबुडे, चव आंबूस. चटणी संपत आली की काय करतात तेवढं नीट बघा. रिकामा डबा बाजूला ठेवून दुसरा काढतात, की जुन्याच डब्याच्या तळात ताजी ओततात? तळातली थोडीशी शिळी सगळा डबा नासवायला पुरते. शंका आली तर दाण्याची कोरडी लाल चटणी मागा, ती टिकते. सांबार मात्र वाफाळतंच हवं. शिजवलेलं अन्न ६० अंशांच्या खाली कोमट राहिलं की जंतू वाढतात, आणि गाड्यावर सांबाराखालचा गॅस बंद ठेवायची सवय फार.

लेकरांना उसाचा रस द्यायचा तर बिनबर्फाचा. खाण्याचा नसलेला बर्फ निळा करायचा असा नियम आहे. पण पांढरी लादीसुद्धा गोणपाटात गुंडाळून फरशीवरून ओढत आणलेली असू शकते.

मालदांडी
मटण-भाकरीचं सांगतो. नव्या खानावळीत पहिल्यांदा फुल हंडी मागवायची नाही. एक हाफ मटण, दोन भाकरी, एवढ्यावर सगळं कळतं.

आधी भाकरी बघा, मटण नंतर. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग थापताना भाकरी कडेनं चिरते, भाजल्यावर फुगत नाही आणि चव कडवट लागते. काही जण पीठ उकळीच्या पाण्यात मळून वेळ मारून नेतात, भाकरी सांधते खरी, पण कडवटपणा राहतोच. म्हणून तव्यावरची फुगलेली भाकरी मागा आणि पहिला घास कोरडाच खा. पीठ ताजं असेल तर गोडसर लागतो. भाकरीवर ज्याचं लक्ष नाही त्याचं मटणावरही नसतं, असं माझं ठाम मत आहे.

आता रस्सा. मसाला नीट परतला की तेल आपसूक सुटून कडेनं येतं, ती खरी तर्री. वरून सोडलेली तर्री लालभडक, एकसारखी पसरलेली असते आणि तिच्याखालचा रस्सा पाणचट. काळा रंग भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचा, कांद्याचा, दगडफुलाचा असतो. खोबरं करपलं तर घशाशी कडू लागतं. रस्सा दाट पण चवीला सपक असेल तर डाळ्याचं पीठ किंवा दाण्याचा कूट जास्त पडलाय. तो वाटीत दहा मिनिटं राहिला की वर साय धरतो.

दोन गोष्टी बसायच्या आधीच विचारून घ्या: मटण किती वाजता शिजलं, आणि वाढीव रश्श्याचे पैसे लावता का. धाराशिवकडं जाणं झालं तर उस्मानाबादी शेळीचं मटण आहे का तेही विचारा.

औसारोडवाली
मालदांडी दादा, कोरड्या घासाचं फार कामाचं. पुढच्या महिन्यात दोन दिवस संभाजीनगरला आहोत. नान-खलिया (तिथला नान आणि मांसाचा रस्सा) पहिल्यांदाच खाणार, तिथं काय सांभाळायचं? आणि नव्या एसी हॉटेलात बिलावर काय काय लावतात ते कळत नाही.

शहागंज_दरवाजा
नान-खलियाला उशीर करू नका. खलिया मोठ्या देगेत एकदाच शिजतो, देग संपली की विषय संपला. उरलेल्यात पाणी वाढवून ताणलेला खलिया लगेच ओळखू येतो, हळदीचा पिवळा रंग राहतो पण अंग राहत नाही. मटणाचा की बड्याचा (मोठ्या जनावराच्या मांसाचा) हे आधी विचारा, दोन्ही मिळतात. नान तंदूरचा, मोठा आणि मऊ. चौघांना सुरुवातीला दोन नान आणि दोन प्लेट खलिया पुरे. नान गार झाला की चिवट होतो, म्हणून एकदम मागवू नका. १३२७ साली मुहंमद तुघलकानं राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हाच्या लष्करी भटारखान्यातून हा पदार्थ आला असं इकडं सांगतात. रश्श्याचं तिखट आधी चाखा, मग लेकरांना द्या.

बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही, तो काढायला सांगा. नाही काढला तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. हॉटेल कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यवसायांसाठीची जीएसटीची सोपी योजना) असेल तर त्याला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही, बिलावर तसं लिहिलेलं असतं. १४ आकडी अन्न परवान्याचा क्रमांकही बिलावर असायला हवा.

कढईकाठ
ताई, सकाळी कुठं सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांना फोडणी देऊन करतात ती) दिसली तर ती लेकरांना आधी द्या. तळण नाही, कच्ची चटणी नाही. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळलेले असले तर दाणा मोकळा राहतो. पाण्यात राहिले तर लगदा होतो, आणि तो झाकायला मग डाळ्याचं पीठ भरपूर घालतात. घास टाळूला चिकटला की समजा तेच झालंय. फोडणी समोर करत असतील तिथं घ्या, पातेल्यात झाकून ठेवलेली नको.