बाबांची भिजलेली वही (आणि तुमचे अनुभव)

ओली_वही
नाताळाची साफसफाई चालू आहे. काल लोखंडी कपाटाच्या तळाशी बाबांची वही सापडली. फुगून विटेएवढी झालीय, पानं एकमेकांना चिकटलेली.

२३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकरांना वेगळी सांगायला नको. अंबाझरी भरून वाहिला आणि नाग नदी आमच्या तळमजल्यात शिरली. आईने पलंगावरून पाय खाली ठेवला तर पाणी घोट्याच्या वर. गाद्या, फ्रीज, शिलाई मशीन, सगळं गेलं. भरपाईचं इथे लिहीत नाही, बीपी वाढतं.

वही उधारीची. बाबा रिटायर झाले, फंड हातात आला, तसे नातेवाईक, चर्चच्या मंडळीतले, गल्लीतले सगळे उसने मागायला येऊ लागले. बाबा कोणाला नाही म्हणत नसत, पण तारीख-रक्कम-कारण लिहून ठेवत. आणि रोज रात्री जेवताना एकेकाचं नाव काढून चिडत. आईचं जेवण कधी सुखाने झालं नाही.

पूर ओसरला तेव्हा वहीतली शाई वाहून गेली होती. आता हे खचणार, असं मला वाटलं. बाबा गच्चीवर वही मांडीवर घेऊन बसले होते, आणि एकदम हसायलाच लागले. म्हणे, "साठ वर्षं प्रभूची प्रार्थना म्हणून राहिलो. जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे. अन् सोडलं कुठं होतं मी? त्यानंच धुऊन टाकली वही."

त्या रात्री ताटावर कोणाचंच नाव निघालं नाही. पुढच्या मार्चमध्ये बाबा गेले. पूर बरा झाला असं मी कधीच म्हणणार नाही. पण ते सहा महिने आमच्या घरी शांतपणे जेवणं झाली.

तुमच्याकडे असं काही घडलंय? लिहा.

सदरची_सून
वाचून डोळे भरले ताई. पोळ्या करतेय, नंतर सविस्तर लिहिते.

गिट्टीखदान_एक्सप्रेस
बाप्पा! आमच्याकडे उलटं. आमचं नाव दुसऱ्यांच्या वहीत, अन् त्यांच्याकडे पाणीच शिरलं नाही 😂

नर्सबाई_नाइट_ड्युटी
२०२१ चा एप्रिल. वॉर्डात एक आजोबा होते, घरचं कोणी आत येऊ शकत नव्हतं. पीपीई किटमध्ये मी कोण हेही त्यांना दिसत नव्हतं. मला म्हणाले, बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र म्हण. मला तेविसावं अर्धंच पाठ. मधेच अडकले तर ऑक्सिजनचा मास्क बाजूला करून पुढची ओळ त्यांनी सांगितली. दोनदा रागावले पण, नीट म्हण म्हणून. ते वाचले नाहीत. मला आता पूर्ण पाठ आहे. चांगलं काय म्हणाल तर एवढंच. फार नाही.

मोहननगर_७०
एक प्रसंग आठवला. १८९३ साली कवी नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला रेल्वेने निघाले होते. कामाचा पत्ता नाही, मन अस्वस्थ. डब्यात एक अनोळखी गोरा माणूस भेटला, बोलणं झालं, त्याने नवा करार हातात ठेवला. १८९५ ला बाप्तिस्मा. पुढे घरात जे वादळ उठलं, पत्नी लक्ष्मीबाईंनी जे सोसलं, ते सगळ्यांना माहीत आहे. मला नेहमी वाटतं, नोकरी बरी चालली असती तर माणूस त्या गाडीत बसलाच नसता.

रागीट_मेंढरू
काका, माफ करा, पण "असतं तर" हे ऐकून ऐकून कान किटलेत. माझं बाळ सातव्या महिन्यात गेलं तेव्हा घरी भेटायला आलेल्या अकरा जणांनी बायबलातलं रोमकरांस आठ अठ्ठावीस ऐकवलं. सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक. मी मोजले होते. बारावी एक म्हातारी आली, महिला मंडळीतली. काही बोलली नाही. मोरीतली भांडी घासली, वरण-भात लावला, गेली. मित्र लाजराच्या कबरेपाशी येशू आधी रडला, त्याला मेलेल्यातून उठवलं नंतर. हे कोणी वाचत नाही का?

मोहननगर_७०
बेटा, बरोबर आहे तुझं. मी पण त्या अकरांतलाच, दुसऱ्या कोणाच्या तरी घरी.

सदरची_सून
@रागीट_मेंढरू, मिठी. ❤️ (पोळी करपली.)

सीताबर्डी_टपरी
मी ख्रिश्चन नाही, हिस्लॉप कॉलेजचा. ज्यांच्या नावाचं कॉलेज ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटची प्राचीन दगडी वर्तुळं पाहून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडाले, घोडा एकटाच परत आला, हे वाचलं होतं. कॉलेज निघालं १८८३ ला, म्हणजे वीस वर्षांनी. पुरावरून आठवलं, विषयाशी संबंध आहे की नाही माहीत नाही. कॅन्टीनचा समोसा आठवतो का कोणाला?

गिट्टीखदान_एक्सप्रेस
समोसा नाही भाऊ, उधारी आठवते. परत वहीच 😄

जुना_कोरिस्टर
२९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरातच सहा चर्चेस एकत्र येऊन सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) झाली. आमच्या घरातले दोन भाऊ मात्र आजही एका बाकावर बसत नाहीत. कारण एक वाडा आणि एक भिंत. गेल्या उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) चर्चमध्ये लाइट गेली, पंखे बंद, येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांतल्या चारांवरची प्रवचनं अजून बाकी. गरमीने धाकटा उठून खिडकीपाशी गेला, थोरला तिथे आधीच उभा. दोघं एकाच गीतपुस्तकाने वारा घेऊन राहिले होते. बोलले नाहीत. पण वारा घेतला.

नर्सबाई_नाइट_ड्युटी
😂😂 चार उद्गार बाकी

अनारसे_फुटतात
ताई, वहीचं पीठ... सॉरी, अनारशाच्या पिठाबद्दल विचारायचं होतं, चुकीच्या धाग्यावर आले. आलेच आहे तर: शाईपेनने लिहिलं असेल तर गेलंच. बॉलपेनचं टिकतं. पानं सोडवायला कुकरच्या वाफेवर लांबून धरा आणि बटरच्या सुरीने हळूहळू. आमच्या सासऱ्यांचे सातबारे मी असेच सोडवले.

सदरची_सून
पिठात गूळ जास्त झाला की फुटतात. तांदूळ तीन दिवस भिजवले होते ना, पाणी रोज बदलून?

अनारसे_फुटतात
दोनच 🙈

ओली_वही
सगळ्यांचे आभार. रागीट_मेंढरू, तुझं तीनदा वाचलं. त्या म्हातारीला देव बरं ठेवो.

कुकरची युक्ती चालली. दहा-बारा पानं सुटली, सगळी कोरी, निळसर डाग फक्त. मधलं एकच पान बॉलपेनचं. "चिरंजीव, स्कूटीसाठी, ₹८०००." पुढे माझं नाव. मी विसरूनच गेले होते हो.

आईला दाखवलं. ती म्हणाली, तुझं नाव त्यांनी जेवताना कधीच काढलं नाही.

गिट्टीखदान_एक्सप्रेस
व्याज धरून किती झाले?