पोरगी जिऑलॉजी म्हणतीय, घातलेला पैसा निघंल का?

द्राक्षवाला_तासगाव
नमस्कार मंडळी. थोरली यंदा बारावी सायन्स झाली, 81 टक्के. सीईटीपण बरी गेलीय. घरचे इंजिनिअरिंग म्हणतात आणि ही म्हणतीय, पुण्याला जाऊन बीएस्सी जिऑलॉजी करणार. हे खूळ माझ्यामुळंच शिरलं. तीन वर्षांत रानात चार बोअर मारले. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवल्या, तीनदा नुसता धुरळा उडाला. चौथ्याला दीड इंच लागलं, तेही आधीच्या बोअरपासनं पन्नास फुटांवर. तेव्हापासून हिचा एकच प्रश्न, असं का? निरीक्षण विहिरीची पातळी मोजायला भूजलवाले आले, तर दिवसभर त्यांच्या मागं हिंडून आली.

मुलींना इंजिनिअरिंगची फी आता माफ आहे, आमचं उत्पन्न त्यात बसतं. बीएस्सीची फी किरकोळ, पण पुण्यात खोली-मेस धरून महिन्याला दहा हजार. एमएस्सी धरून पाच वर्षांचे सहा लाख. बेदाण्याच्या दराचा भरवसा नाही, धाकटा नववीत. एवढं करून दगड शिकून नोकरी लागती का?

सिव्हिल_मिरज
सिव्हिलला घाला. त्यात इंजिनिअरिंग जिऑलॉजीचा पेपर असतोच, हौस भागेल.

खडकफोड्या_जत
दादा, मी जतचा. बीएस्सी, एमएस्सी दोन्ही जिऑलॉजी. बीएस्सीवर थांबायचं असेल तर पाठवू नका, हे आधी सांगतो. जिऑलॉजिकल सर्व्हे किंवा केंद्रीय भूजल मंडळ, दोन्हीकडं यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा आणि तिला एमएस्सी लागते. निघाली तर मूळ पगारच 56,100. पण जागांचं काही खरं नसतं. 2023 ला 285 होत्या, पुढच्या वर्षी 56. आमच्या बॅचच्या तिघांनी त्या एका वर्षाच्या आशेवर नोकऱ्या सोडल्या होत्या.

तुमच्या हिशेबात एक चूक आहे. सहा लाख धरलेत, मधली रिकामी वर्षं धरली नाहीत. माझी दोन गेली. पहिली नोकरी छत्तीसगडच्या जंगलात, 14 हजारांवर. दिवसभर ड्रिलिंगचे कोअर, म्हणजे जमिनीतनं काढलेले दगडाचे लांब गोल तुकडे, पेटीत लावायचे, फुटाफुटाचं वर्णन लिहायचं, रात्री तंबूत. कंपनीनं तीन महिने पगार दिला नाही, मग मीच निघालो. यूपीएससी मेन्सला दोनदा आपटलो. घरी आलं की आजी विचारायची, "दगुड अजून हायतच का?"

आता बोगद्यावर आहे. ब्लास्ट झाला, मलबा निघाला, की समोरचा खडक बघून नकाशा काढायचा, भेगा मोजायच्या, आधार किती लावायचा ते सांगायचं. हे शॉटक्रीट (भिंतीवर फवारायचं काँक्रीट) मारायच्या आत, मग रात्रीचे तीन का असेनात. हातात 62 हजार पडतात. टीममध्ये दोन मुली आहेत, त्यातली एक माझ्यापेक्षा बरा नकाशा काढते. पण इथवर यायला एमएस्सीनंतर सहा वर्षं लागली. तेवढा धीर घरात असेल तर पाठवा. तिला पहिल्या वर्षापासून जॅम, म्हणजे आयआयटीत एमएस्सीला जायची प्रवेश परीक्षा, डोक्यात ठेवायला सांगा. आयआयटी मुंबईला अप्लाइड जिऑलॉजीला नंबर लागला तर माझ्यासारखं तंबूतनं सुरू करावं लागणार नाही.

आणि पन्नास फुटांचं कोडं. आपल्याकडं लाव्ह्याचे थर एकावर एक आहेत. काळा पाषाण लागला की भेग असेल तरच पाणी. मांजऱ्या (बारीक भोकांचा खडक) किंवा कुजलेला खडक असेल तर त्यात मुरतं. भेग पन्नास फुटांवरनं गेली असेल तर नारळ काय करणार! बोअरवाल्यानं थर लिहून दिले असतील तर तो कागद तिला द्या.

कराडची_मावशी
गणित-फिजिक्स सुटू देऊ नका, म्हणजे जिओफिजिक्सची वाट उघडी राहते. आमच्या हजारमाचीला भूकंपाचा अभ्यास करणारी बोअरहोल प्रयोगशाळा आहे, केंद्राची. कोयनेजवळ गोठण्याला त्यांनी तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. एक किलोमीटरपेक्षा जास्त नुसता बसाल्ट, म्हणजे आपला काळा पाषाण, त्याखाली ग्रॅनाइट. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे कोयनेच्या भूकंपात आमच्या घराची भिंत पडली होती, त्यामुळं मला याचं अप्रूप जरा जास्तच आहे. पोरीला घेऊन या, बघायला मिळतं का ते विचारू.

द्राक्षवाला_तासगाव
सगळ्यांचे आभार. रिकाम्या वर्षांचं खरंच डोक्यात नव्हतं. बायको म्हणतीय, दोन्हीकडं फॉर्म भरा, यादी लागली की बघू. मावशी, पुढच्या रविवारी फोन करतो.

खडकफोड्या, कागद सापडला, मीटर बॉक्समध्ये होता. ती विचारतीय, तिसऱ्या बोअरला 180 फुटांवर लाल माती लिहिलीय, एवढ्या खोल माती कुठनं आली?

खडकफोड्या_जत
एक लाव्हा थंड झाला, उघड्यावर कुजून त्याची माती झाली, मग वरनं दुसरा लाव्हा आला आणि ती भाजली. जमीनच ती, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची. तिला सांगा, चौथ्या बोअरलाही ती किती फुटांवर लागली ते बघ.