जर्मनीत २३ विजेते घरी बसले, ही कसली लोकशाही?

दर्यावर्दी: जर्मनीच्या निकालाचं इथे फार कौतुक चाललंय. २३ फेब्रुवारी २०२५च्या संसद निवडणुकीत एएफडी या कट्टर उजव्या पक्षाला २०.८ टक्के मतं, १५२ जागा, दुसरा नंबर. तरी सरकारात कोण? १६.४ टक्केवाली, डावीकडे झुकलेली एसपीडी! वर २३ उमेदवार मतदारसंघात पहिले येऊनही खासदार नाहीत. असली पद्धत आपल्याकडे आणा म्हणणाऱ्यांनी आधी हे समजावून सांगावं.

पाटीपेन्सिल: दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केलीत. सरकार नंबरावर नाही, बहुमतावर बनतं. सभागृह ६३०चं, हवेत ३१६. पहिल्या नंबरच्या सीडीयू-सीएसयू या पुराणमतवादी जोडपक्षांचे (सीएसयू फक्त बव्हेरिया राज्यात) २०८ अधिक एसपीडी १२०, झाले ३२८. एएफडीशी युती नाही हे सीडीयूचे नेते मेर्त्स यांनी मतदानाआधीच सांगितलं होतं, मग मतदाराला फसवलं कुठे?

आता ते २३. तिथे एकाच मतपत्रिकेवर दोन मतं असतात, डावीकडे उमेदवाराला, उजवीकडे पक्षाला. पक्षाच्या जागा राज्यागणिक उजवीकडच्या मतांवर ठरतात. पक्षाने त्याहून जास्त मतदारसंघ जिंकले, तर विजेत्यांना डावीकडच्या मताच्या टक्केवारीनुसार क्रम लावतात आणि तळाचे गळतात. बव्हेरियात सीएसयूने ४७ जिंकले, वाट्याला आल्या ४४. तिथल्या आउग्सबुर्ग शहराचा विजेता असाच गेला.

रानवाट: म्हणजे आउग्सबुर्गच्या लोकांनी ज्याला निवडलं, त्याला राज्यभरच्या आकडेमोडीने घरी पाठवलं! याचं समर्थन करताना काहीच वाटत नाही?

पाटीपेन्सिल: आधीची पद्धत आठवा. जादा विजेते ठेवायचे आणि इतर पक्षांना भरपाईच्या जागा द्यायच्या. मूळ ५९८चं सभागृह २०२१ला ७३६वर गेलं. ३० जुलै २०२४ला जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयानेही तळाचे विजेते गाळायची नवी तरतूद वैध ठरवली.

रानवाट: वैध म्हणजे योग्य नव्हे. मतदारसंघ २९९च का ठेवले? २५० केले असते तर थेट विजेते कमी, पक्षाच्या यादीला जागा जास्त, आणि गळती बरीचशी आपोआप थांबली असती. खासदारांना आपापले मतदारसंघ मोडायचे नव्हते, एवढंच.

दर्यावर्दी: बरोबर! आणि तुम्ही मला खिचडी म्हणता?

सुपारीकात्री: २३ वर किती भांडाल? खरा अन्याय ५ टक्क्यांच्या अटीत आहे: त्याहून कमी मतं मिळाली, तर पक्षाला सहसा जागाच नाहीत. बीएसडब्ल्यू या नव्या पक्षाला ४.९८ टक्के, म्हणजे २४ लाखांहून अधिक मतं. साधारण साडेनऊ हजार मतं कमी पडली आणि जागा शून्य. एफडीपी हा उदारमतवादी पक्षही ४.३ वर बाहेर. सगळे मिळून जवळपास १४ टक्के मतं मातीत. बीएसडब्ल्यू आत आली असती, तर सीडीयू-सीएसयू आणि एसपीडीच्या ४४.९ टक्क्यांना बहुमत मिळालंच नसतं, तिसरा पक्ष शोधावा लागला असता. सरकार कोणाचं, हे त्या साडेनऊ हजारांनी ठरवलं.

पाटीपेन्सिल: अट काढली तर वायमार काळासारखी, म्हणजे हिटलरच्या आधीच्या प्रजासत्ताकासारखी, पक्षांची शकलं होतील.

सुपारीकात्री: काढा कोण म्हणतंय? ३ टक्के करा. किंवा पर्यायी मत द्या: पहिला पक्ष अटीखाली राहिला तर मत दुसऱ्या पसंतीला जावं. मतमोजणीला वेळ लागेल, एवढंच.

पाटीपेन्सिल: पर्यायी मत चालेल. २९९ कमी करण्याचा मुद्दाही मान्य. पण दर्यावर्दींची एएफडीची तक्रार मान्य नाही, ती आकड्यांत बसतच नाही.

दर्यावर्दी: ३१६ जमले नाहीत, कबूल. पण २३ वर तुम्ही माझ्याच बाजूला आलात, ते विसरू नका.