मुलाला कॉलेज फुटबॉलची ऑफर का येत नाही?

प्रश्न: आम्ही अमेरिकेत ओहायोत राहतो. मुलगा बारावीत, शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीतला खेळाडू. गेल्या वर्षी दर आठवड्याला मेसेज करणारे कॉलेजांचे कोच आता गप्प आहेत. पोराचा चेहरा बघवत नाही. त्याचं काही चुकलं का?

उत्तर: नाही हो. २०२४पासून अभ्यास सांभाळणारा खेळाडू कितीही वेळा कॉलेज बदलून लगेच खेळू शकतो. मग कोच १८ वर्षांच्या पोराऐवजी ट्रान्सफर पोर्टलमधला (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतला) २२ वर्षांचा तयार गडी घेतात.

उत्तर: त्यात जुलै २०२५पासून मोठी कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देतात. पहिल्या वर्षी एका कॉलेजला मर्यादा सुमारे २.०५ कोटी डॉलर, सगळे खेळ मिळून. अशा कॉलेजांत फुटबॉलचा संघही आता जास्तीत जास्त १०५ जणांचाच. स्कॉलरशिपविना येणाऱ्यांच्या जागा आटल्या.

प्रश्नकर्ता: मग लहान कॉलेज बघू?

उत्तर: जरूर. तिथे दोन वर्षं खरंच मैदानावर उतरला, तर पोर्टलमधून वर जाता येतं. सामन्यांचे व्हिडिओ आजच पाठवा.