८ सप्टेंबरचे दोन वाढदिवस आणि पहिल्या क्रमांकाचा सोस

मूळ धागा

गायक जिमी रॉजर्स (१८९७) आणि गायिका पॅट्सी क्लाइन (१९३२) या दोघांचा जन्म ८ सप्टेंबरचा. अमेरिकी कंट्री संगीताच्या दिनविशेषात वाढदिवसाला लागूनच ‘किती गाणी पहिल्या क्रमांकावर गेली’ याचा हिशेब मांडला जातो, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे. ‘बिलबोर्ड’ या अमेरिकी संगीत नियतकालिकाची कंट्री गाण्यांच्या लोकप्रियतेची पहिली यादी जानेवारी १९४४ मध्ये निघाली, तीही ज्यूकबॉक्समध्ये नाणे टाकून लोक कोणती तबकडी अधिक वाजवतात, एवढ्यावरून. रॉजर्स १९३३ मध्येच क्षयाने गेले. न्यूयॉर्कमधल्या शेवटच्या ध्वनिमुद्रणात ते अधूनमधून स्टुडिओतल्या खाटेवर पडून दम घेत होते. यादीत त्यांचे नाव हयातीत येणे शक्यच नव्हते. तरीही १९६१ मध्ये ‘कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेम’ या कंट्री संगीतातल्या थोरांच्या सन्मानदालनाने निवडलेल्या पहिल्या तिघांत ते होते. क्लाइन यांचे ‘क्रेझी’ हे गाणे त्याच वर्षी दुसऱ्या क्रमांकावर अडले, म्हणून ते कमअस्सल ठरले का?

प्रतिसाद १

त्याच वर्षी क्लाइन यांचेच ‘आय फॉल टू पीसेस’ पहिल्या क्रमांकावर होते, हे आपण सोयीस्करपणे वगळले आहे. स्त्रियांच्या तबकड्या खपत नाहीत, हा कंपन्यांचा समज १९५२ मध्ये गायिका किटी वेल्स यांनी एकटीच्या गाण्याने अग्रस्थान गाठून खोटा पाडला. रसिकांची वाहवा तिथे पुरली नसती, यादीतला क्रमांकच कामी आला. कृष्णवर्णीय गायक लुई जॉर्डन १९४४ मध्ये याच यादीत अव्वल ठरले. त्यानंतर पुढचा कृष्णवर्णीय गायक, चार्ली प्राइड, तिथे पोहोचायला १९६९ उजाडले. पंचवीस वर्षांची ही दरी डोळ्यांत भरते ती यादीमुळेच. (प्राइड यांच्या सुरुवातीच्या तबकड्या रेडिओ केंद्रांकडे, त्यांचा वर्ण कळू नये म्हणून, छायाचित्राविना पाठवल्या गेल्या होत्या!)

मूळ लेखक

दरी दिसते हे खरे; पण मोजपट्टीच बदलत राहिली त्याचे काय? ऑक्टोबर २०१२ पासून मुख्य यादीत स्ट्रीमिंग, डिजिटल विक्री आणि पॉप संगीताच्या रेडिओ केंद्रांवरचे प्रसारणही धरले जाऊ लागले. त्यानंतरच ‘मेंट टू बी’ हे गाणे सलग ५० आठवडे अव्वल राहिले. हा विक्रम जुन्यांच्या शेजारी मांडणे मला अप्रामाणिक वाटते.

प्रतिसाद २

मग विक्रमासोबत नियमही छापावेत, यादी कशाला मोडीत काढता? केवळ कंट्री केंद्रांवरच्या प्रसारणाची यादी आजही वेगळी निघते. जुन्या विक्रमांशी तुलना करायचीच असेल तर तिच्यातल्या विक्रमांची करावी.