शेणखत अधिक अर्धा डोस: हिशेब बसतो का?

औशाचा सोयाबीनवाला: चार वर्षं निम्म्या रानात एकरी ५ टन शेणखत आणि रासायनिक खत निम्मं, बाकीच्या रानात नुसती रासायनिक खताची गोणी. यंदा पावसानं तीन आठवडे दडी मारली तेव्हा गोणीवरचं सोयाबीन दुपारीच माना टाकायचं, शेणखताचं तग धरून होतं. उताऱ्यात फरक एकरी पोतंभर, जास्त नाही. तरी मी म्हणतो, दोन्ही मिळूनच घालावं.

वाळव्याचा ऊसकरी: दादा, हिशेब मांडा. ५ टनांत नत्र (नायट्रोजन) अर्धा टक्का धरलं तर २५ किलो. पहिल्या वर्षी पिकाला त्यातलं फार तर ८ किलो मिळतं. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २० किलोच्या वर नत्र, किंमत २६६ रुपये ५० पैसे. शेणखताची ट्रॉली आमच्याकडं चार हजारांच्या खाली येत नाही, वर विस्कटायची मजुरी. पोतंभर सोयाबीनमध्ये हे फिटतं?

औशाचा सोयाबीनवाला: नत्रासाठी शेणखत विकत घेणारा बुडणारच! गोणी स्वस्त आहे ती अनुदानामुळं. आमच्या चुनखडीच्या काळ्या रानात स्फुरद (फॉस्फरस) मातीत अडकून बसतो, जस्त असून पिकाला लागत नाही. म्हणून सुपर फॉस्फेट शेणखतात मुरवून घालतो.

विषमुक्त शेती: मग अर्धा डोस तरी कशाला? रासायनिक खतानं जिवाणू मरतात. मी जीवामृतावर, म्हणजे शेण-गोमूत्र-गूळ आंबवलेल्या द्रावणावर भागवतो.

निवृत्त कृषी सहायक, अकोला: सरसकट मरत नाहीत हो. इथं कृषी विद्यापीठात ज्वारी-गव्हावर वर्षानुवर्षं प्रयोग चालू आहे. नुसतं नत्र दिलेला तुकडा मागं पडत गेला. शिफारशीचा पूर्ण डोस अधिक हेक्टरी ५ टन शेणखत, तो सगळ्यांत पुढं. मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पाल्या-शेणाचा कार्बन, तोही तिथंच वाढला. मात्र सोयाबीनवाले, तिथं डोस पूर्ण होता, तुमच्यासारखा अर्धा नव्हे. माती तपासल्याशिवाय निम्मा करू नका.

वाळव्याचा ऊसकरी: इंग्लंडात रॉदमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग आहे. तिथं नुसत्या रासायनिक खतावरही शेणखताच्या तोडीचा उतारा आला, हेही सांगा की साहेब.

निवृत्त कृषी सहायक, अकोला: सांगतो. पण तिथल्या शेणखताच्या तुकड्यात कर्ब दुपटीच्या वर गेला, आणि पुढं सगळ्यांत जास्त उतारा आला तो शेणखतावर वरून नत्र दिलं तेव्हा. शिवाय तिथल्या थंडीत कर्ब टिकतो. आमचं रान एप्रिल-मेमध्ये तव्यासारखं तापतं.

नवशिक्या: मी गेल्या वर्षी उकिरड्यातलं अर्धकच्चं शेणखत युरियात कालवून आठवडाभर बांधावर ठेवलं, मग टाकलं. पीक पिवळं पडलं, वर मुळं खाणारी हुमणी अळी! मिसळूनही असं का?

निवृत्त कृषी सहायक, अकोला: काडीकचरा कुजवायला जिवाणूंनी नत्र स्वतःच ओढून घेतलं. ढिगाला झणझणीत वास येत होता ना? तो अमोनिया, म्हणजे तुमचा युरियाच हवेत गेला. हुमणी कच्च्या शेणखतातून आली. खत पूर्ण कुजवा, पेरणीआधी कुळवाची पाळी घालताना मातीत मिसळा. युरिया नंतर, पिकाच्या वाढीत, वाफशावर, म्हणजे रानात बेताची ओल असताना.

वाळव्याचा ऊसकरी: खरं सांगतो, मीही उसाचं पाचट, म्हणजे वाळली पानं, जाळायचं बंद केलंय. सरीत ठेवून वर युरिया आणि सुपर टाकतो. तेही मिसळणंच म्हणा. पण ट्रॉली विकत घेणार नाही.

औशाचा सोयाबीनवाला: तुमचं ठीक आहे. आम्ही पाचट कुठून आणावं? भुसकट होतं तेवढं म्हशीच खातात.